सुतळीला फिरायला नेताना

तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं उघडं भोक किती पावलांवर आहे, सांगता येईल?

मी खड्ड्याबद्दल विचारत नाही. खड्डा दिसतो, त्याला वळसा घालता येतो, पावसात त्यात पाणी साचतं म्हणून तो लक्षात राहतो. मी विचारते आहे वीतभर रुंदीच्या भोकाबद्दल. बोअर पाडायची गाडी आली, दिवसभर पांढरा धुरळा उडाला, कानठळ्या बसल्या, चारशे फूट झालं, पाचशे झालं, पाणी लागलं नाही. गाडी पुढच्या शिवारात गेली आणि भोक जागेवर राहिलं. अशा बोअरला आमच्याकडे 'फेल गेला' म्हणतात. परीक्षेत पोरगं फेल गेलं तर चार लोक त्याच्याकडे बघून कुजबुजतात तरी. फेल गेलेल्या बोअरकडे कुणी बघतसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात बीडच्या बसस्टँडसमोरून अशा दोन गाड्या गेल्या. पुढच्या काचेवर तमिळ अक्षरं, बंपरला लिंबू-मिरची, मागे लोखंडी पाइपांची चळत. रिक्षावाले बाजूला झाले. मी रसवंतीच्या बाकावर बसले होते. गाड्या गेल्यावर मी काहीही विचार न करता खाली वाकले आणि हाताची उलटी बाजू फरशीवर टेकवली. पोळली. मनात आलं, अजून तासभर तिला बाहेर काढायला नको.

आणि मग आठवलं की सुतळी जाऊन चार वर्षं झालीत.

*

सुतळी म्हणजे आमच्या दूध संस्थेची कुत्री. मांजरापेक्षा जरा मोठी, पांढरी, एका डोळ्यावर विटकरी डाग, अंगावरचे केस तागाच्या सुतळीसारखे राठ. ती टेरिअर जातीची होती, हे मला पुष्कळ नंतर नीट कळलं. आम्हाला तिला आणून देणारे जनावरांचे डॉक्टर तिला काहीतरी इंग्रजी नावानं हाक मारायचे. गोदामातले हमाल गफूरचाचा पहिल्याच दिवशी म्हणाले, "एवढीशी वळकटी आन् आवाज सुतळी बॉम्बचा!" तेव्हापासून ती सुतळी झाली.

आमचं गाव सिरसाळ्यापासून चालत तासाभरावर. दादा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. पहाटे कॅनची झाकणं वाजायची, फॅट तपासायचं मशीन गुरगुरायचं, ओट्यावर सांडलेल्या दुधाचा आंबूस वास यायचा. शेजारच्या खोलीत सरकी पेंडीची थप्पी आणि त्या थप्पीत उंदरांचं राज्य. उंदराचं औषध ठेवलं की भीती, कारण तीच पेंड जनावरांच्या पोटात जायची. डॉक्टरांची बदली कोकणात झाली. तिथल्या भाड्याच्या खोलीत कुत्रं चालणार नव्हतं. ते दादांना म्हणाले, "ही ठेवा. मांजर लाजेल असे उंदीर धरते. अट एकच, गोदामात औषधाची गोळी पुन्हा दिसता कामा नये."

सहकारी संस्थेत ठरावाशिवाय पान हलत नाही. सुतळीचाही ठराव झाला. दादांच्या वळणदार अक्षरात तो अजून प्रोसिडिंग बुकात असेल: गोदामातील पेंडीची नासाडी थांबविणेकामी एक लहान कुत्रे ठेवणेस ही सभा मंजुरी देत आहे. सभेत कुणीतरी विचारलं, "सभासद करून घ्यायचं का पगारी नोकर?" चेअरमन बापू मिशीतल्या मिशीत हसले. "सभासद नगं. मतदानाला हुबी ऱ्हायली तर निवडून यील."

डॉक्टरांनी जाताना मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, बाहेर काढण्याआधी हाताची उलटी बाजू भुईला लावून बघ. तुला पोळलं तर तिचे पाय भाजतील. दुसरी, रानात दाव्याशिवाय सोडू नकोस. "ही जातच बिळात शिरणारी. मोठी कुत्री हिला फाडतील याची भीती कमी. हिला खरी भीती भोकाची. भोक दिसलं की हिचं डोकं चालत नाही."

मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन घरी आले होते. सुतळीला रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला नेणं हे माझं काम झालं. शेळीच्या दाव्याचा एक तुकडा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा, एवढंच आमचं सामान.

गावात कुत्र्याला कुणी फिरायला नेत नाही. कुत्रं स्वतःचं स्वतः फिरतं. पारावरची माणसं रोज नवा शब्द काढायची.

"काय गं, तू तिला फिरवतीस का ती तुला?"

"म्हशीला हिंडवलं तर दूध तरी देती."

"सेक्रेटरीची लेक हाय बाबा. ठराव झाला आसंल."

मी उत्तर द्यायचे, कारण मला उत्तर दिल्याशिवाय राहवायचं नाही. पण सुतळी पुढे ओढायची आणि माझं भाषण अर्ध्यावर राहायचं. ती कुठल्याही गल्लीत शिरायची. आमच्या बौद्ध वस्तीतून निघून मारुतीच्या पारावरून, देशमुखांच्या दारातून, मशिदीच्या मागून. जिथून जाताना माझी आजी पायातली चप्पल हातात घ्यायची, तिथून मी एका वीतभर कुत्रीच्या मागे धावत गेले आहे. कुणी म्हणालं नाही, इकडून कावून चाललीस? सगळे म्हणायचे, ए, तिला धर, आमच्या कोंबड्या हायत. वाटेवरच्या पोरांच्या हातून ती बिस्किटं खायची. त्या एका उन्हाळ्यात माझं गाव मला जेवढं माहीत झालं, तेवढं आधीच्या सोळा वर्षांत झालं नव्हतं.

*

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. त्या वर्षाचा उजेडच वेगळा आठवतो. सावलीलासुद्धा करकरीत कडा. कपाशीच्या वाळक्या पळाट्या, भेगांमधून डोकावणाऱ्या मुंग्या, वाऱ्यात उडणारं पाचट. आमच्या अंगणातल्या शेवग्यानं पानं टाकली, पण शेंगा टाकल्या नाहीत. माय म्हणायची, "झाडाला बी कळतंय, मरायच्या आदी काय करून जायाचं ते."

संस्थेनं चारा छावणी काढली. बापूंनी स्वतःचं माळाचं शेत त्यासाठी दिलं, आणि ते त्यांनी मनापासून दिलं, हे मी आधीच सांगते. बांबू रोवले, वर शेडनेट टाकलं, जनावरं ओळीनं बांधायला दावणी पाडल्या. ऊस यायचा, उसाच्या शेंड्यांचे वाढे यायचे, कधी मका. टँकर आला की पत्र्याच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज माळभर जायचा आणि शेकडो जनावरं एकदम माना उचलायची. लोक जनावरांबरोबरच राहायला आले. चुली मांडल्या, बाजा टाकल्या, पाळणे बांधले. शेण, ओला ऊस आणि घाम यांचा मिळून एक गोडसर, जड वास तयार झाला. तो वास मला आजही कुठल्याही रसवंतीपुढे गाठतो.

दावणी टाकीपासून सुरू व्हायच्या. पहिल्या दावणीला कुणाची जनावरं, दुसऱ्या दावणीला कुणाची, हे कुणी ठरवलं नव्हतं. कागदावर नव्हतं, ठरावात नव्हतं. तरी आमच्या वस्तीची जनावरं शेवटच्या दावणीला बांधली गेली. पाण्यापासून सगळ्यांत लांब. न लिहिलेले ठराव आमच्या गावात फार काटेकोरपणे पाळले जातात.

आणि शेवटच्या दावणीच्या मागेच बापूंचे तीन फेल गेलेले बोअर होते.

सुतळी पहिल्या दिवशीच तिकडे ओढायला लागली. नाक जमिनीला लावून, शेपूट ताठ. मी दावं दोन्ही हातांनी धरलं आणि भोकात डोकावले. काहीच दिसत नाही. फक्त खालून गार श्वास येतो. त्या उन्हाळ्यात आमच्या माळावर गार एवढंच होतं. पोरं पाळीपाळीनं तिथं गाल टेकवायची. भोकात खडा टाकायची आणि आवाज ऐकायला थांबायची. बापूंनी तोंडाशी माती ढासळू नये म्हणून बसवलेले केसिंग पाइप दुसऱ्या बोअरसाठी उपसून नेले होते, त्यामुळे मातीच्या थरात तोंड ढासळून रुंद झालेलं. वर सूपभर, खाली मुरुमात निमुळतं.

शेवटच्या दावणीला सुमनमावशींची एक गाय होती आणि त्यांच्याबरोबर त्यांची नात पिंकी. पिंकी नुकती चालायला लागलेली. चार पावलं टाकायची, धपकन बसायची, स्वतःच टाळ्या वाजवायची. मावशी तिच्या पायाला साडीची चिंधी बांधून दुसरं टोक बाजेला बांधायच्या. "तुझी सुतळी आन् माजी पिंकी," त्या म्हणायच्या, "दोगी बी दाव्याच्या."

*

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मोर्च्यांची, सभांची, निषेधांची, जयंत्यांची. पिवळी, गुलाबी, हिरवी. दादा ती जपून ठेवायचे आणि मी जमिनीवर मांडून वाचायचे. 'जाहीर' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. त्यामुळे ती भोकं बघून मी दुसरं काय करणार? पत्रक लिहिलं.

पुठ्ठ्यावर, लाल शाईनं. वर 'जाहीर निषेध'. खाली 'उघडा बोअर म्हणजे उघडा मृत्यू!!!!' त्याखाली मालकशाही, निष्काळजीपणा आणि व्यवस्था. दादांनी चष्मा वर करून वाचलं.

"उद्गारचिन्हं कमी कर."

"कावून?"

"आवाज चढवून बोलणाऱ्याचं लोक तोंड बघत्यात, ऐकत न्हाईत. आन् दुसरं. वाचून झाल्यावर माणसानं उठून नेमकं काय करायचं? ते कुठाय?"

"समजायला नको का लोकांना?"

"लोकांना समजतंय सगळं. पत्रकाच्या शेवटच्या ओळीत काम पाहिजे. काम नसंल तर त्यो नुसता संताप. संताप घरी बी करता येतो."

मी ऐकलं नाही. पत्रक छावणीच्या फाटकावर लावलं. संध्याकाळपर्यंत एका शेळीनं त्याचा खालचा कोपरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी थेट बापूंसमोर गेले. ते टाकीजवळ खाटेवर बसून उसाच्या मोळ्या उतरवून घेत होते. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरं धोतर, तोंडानं फटकळ पण हातानं मऊ.

"बापू, ते तिन्ही बोअर बुजवून टाका."

"बुजवू?" त्यांनी असं बघितलं जणू मी घरातलं कुणी पुरायला सांगितलं होतं. "पोरी, पाणी रुसलंय. मेलं न्हाई. आज रुसलंय, उद्या यील. तोंडच बंद केलं तर यील कुठनं?"

"पण लेकरं—"

"न्हाई गं. भरल्या घरात असलं अशुभ करत्यात व्हय?"

यावर हसू नका. आमच्या भागात पुष्कळ जण असंच मानतात. बोअर घेताना नारळ फोडतात, हळद-कुंकू वाहतात. पाणी लागलं नाही तरी ते तोंड बुजवायला हात धजत नाही. बुजवणं म्हणजे आपल्या हातानं पाण्याला नाही म्हणणं. बापू दर अमावास्येला त्या तिन्ही भोकांपाशी जाऊन कुंकू वाहायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गाडी निघून गेल्यावर माणसाकडे उरतं तरी काय? एक भोक आणि त्यातून येणारा गार श्वास. त्याच्यावर त्यांची आशा टिकून होती. पण आशा बापूंची होती आणि तिचं तोंड आमच्या दावणीला उघडं होतं.

मी वाद घातला. दादांचं नाव निघालं, सभेचं नाव निघालं. शेवटी बापू म्हणाले, "बरं, आसं कर. पोतं टाक वरून. झाकल्यासारखं बी हुईल आन् पाण्याला श्वास बी ऱ्हाईल."

मला वाटलं, जिंकले.

गोदामातून मी तीन रिकामी तागाची पोती आणली. सरकी पेंडीची, चांगली घट्ट विणीची. भोकांवर ताणून बसवली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर बोटभर माती पसरली. इतकं नीट काम झालं होतं! दुरून बघितलं तर तिथं काही होतं, हेच कळेना. मावशी म्हणाल्या, "लई ब्येस केलंस बाई. आता जिवाला घोर न्हाई." आणि त्यांनी पिंकीच्या पायाची चिंधी सोडली.

*

गोदामातला एक खेळ सांगायला हवा. गफूरचाचा रोज दुपारी रिकामं पोतं सुतळीपुढे नाचवायचे. ती त्याला दातांनी धरायची. मग चाचा पोतं वर उचलायचे आणि सुतळी जमिनीपासून हातभर वर, पोत्याला लोंबकळत, गुरगुरत झुलायची. चाचा ओरडायचे, "सोड! सोड म्हणतो ना! सोड गं भवाने!" ते जितकं ओरडतील तितकी ती दात घट्ट रोवायची. हमाल, दूध घालायला आलेल्या बाया, सगळे हसून बेजार. डॉक्टरांनी तिला काय शिकवलं होतं कुणास ठाऊक, पण आमच्या गोदामात 'सोड' या शब्दाला 'घट्ट धर' असाच अर्थ होता.

पोती बसवून पंधरा-वीस दिवस झाले असतील. संध्याकाळ. ऊन तिरपं झालेलं, भुईला हात लावून बघितला, निवाली होती. मी सुतळीला घेऊन शेवटच्या दावणीपर्यंत आले आणि तिचं दावं सोडलं.

त्या उन्हाळ्यावर मी पुढे लेख लिहिले, पण हे वाक्य आजवर कुठल्याच लेखात लिहिलं नव्हतं. दावं मी सोडलं. भोकं उघडी होती तोवर मी ते एकदाही सोडलं नव्हतं. झाकली, म्हणून सोडलं.

पेंडीच्या पोत्याला पेंडीचा वास असतो. धाग्याधाग्यात चुरा अडकलेला असतो. माळावरचे उंदीर मी पोती टाकली त्या दिवसापासूनच तिथं यायला लागले असणार, कुरतडायला लागले असणार. मी दूध संस्थेच्या सेक्रेटरीची मुलगी, एका उंदीर मारणाऱ्या कुत्रीला रोज फिरवणारी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. सुतळी थबकली. कान पुढे. मधल्या पोत्यावर काहीतरी हललं. ती बाणासारखी गेली.

आवाज झाला नाही. पोतं मधून खचलं, एका कोपऱ्याचा दगड कलंडला, माती आत ओघळली आणि सुतळी होती तिथं सुतळी नव्हती.

मी किंचाळले. काय म्हणून किंचाळले ते मला आठवत नाही, पण त्यात नाव नव्हतं. सुमनमावशींनी चुलीवरून वळून बघितलं. खचलेलं पोतं दिसलं आणि त्यांच्या हातातलं पातेलं पडलं.

"पिंकी! आगं माजी पिंकी!"

सगळी दावण उठली. बाया ऊर बडवत आल्या, माणसं टाकीपासून धावत आली. पिंकी बैलगाडीच्या मागे बसून उसाचं कांडं चोखत होती. कुणीतरी तिला उचलून मावशींच्या अंगावर दिलं. मावशी तिला धरून तिथंच खाली बसल्या. तेव्हा कुठे भुईच्या आतून ते ऐकू आलं. बारीक, लांबून आल्यासारखं भुंकणं.

"कुत्रं हाय रे, कुत्रं! लेकरू न्हाई."

गर्दीतून सुस्कारा निघाला. काही जण परत फिरलेसुद्धा. मला त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी कळलं की सुस्कारा मीही सोडला होता.

गफूरचाचा धावत आले. पालथे पडून भोकात बघू लागले, काळोख. मग माय म्हणाली, "आरसा आणा." विहिरीत पडलेली घागर शोधायला बाया आरशानं ऊन आत टाकतात. मावशींच्या ट्रंकेतला आरसा आला. मायनं तो मावळतीच्या उन्हात धरला, तिरपा केला, आणि उजेडाची एक पट्टी भोकात उतरली. दोन पुरुष खोलीवर, जिथं माती संपून मुरूम सुरू होतो त्या अरुंद जागी, दोन डोळे चमकले. तिच्यामागून पडलेली माती तिच्या पोटापर्यंत आली होती. खाली चारशे फूट आणि मध्ये अडकलेली ही.

दोन कासरे एकमेकांना बांधले. टोकाला तेच पोतं, गुंडाळून, गाठ मारून. चाचांनी ते आत सोडलं. "धर, बेटा, धर." सुतळी रडत होती, धरत नव्हती. "धर गं सुतळी." मी हाक मारली. दादांनी मारली. दुसऱ्यांदा पोतं तिच्या तोंडापर्यंत गेलं, तिनं हुंगलं, सोडून दिलं. मुरुमाचे खडे सुटायला लागले होते. प्रत्येक खड्याचा आवाज बराच वेळ खाली जात राहायचा.

मग चाचा एकदम उठून बसले. डोळे पुसले. आणि गोदामात ओरडायचे तसे पोटातून ओरडले, "सोड! ए भवाने, सोड म्हणतो ना!"

कासरा हिसकला.

"सोड!" चाचा ओरडत होते आणि हळूहळू ओढत होते. मला कळलं, मीही ओरडले. हमालांना कळलं. मग सगळी छावणीच ओरडायला लागली. पहिली दावण, शेवटची दावण, बाया, म्हातारे, सगळे एका सुरात: सोड! सोड! मायच्या आरशातली उजेडाची पट्टी भोकाच्या कडेवर नाचत होती. आधी पोतं वर आलं, मग पोत्याला धरलेलं पांढरं-विटकरी डोकं. चाचांनी मानगुटीला धरून तिला बाहेर काढलं. वर आल्यावरही तिनं पोतं सोडलं नाही. जबड्यातून रक्त येत होतं, पुढचा एक दात तुटला होता. दादांनी बोटं घालून तिचे दात सोडवले.

लोक हसायला लागले, रडायला लागले. बापू गर्दीच्या कडेला उभे होते. सुमनमावशी पिंकीला कडेवर घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी आवाज चढवला नाही.

"बापू, कुत्रीला दात व्हते म्हनून वर आली. हिला चारच फुटल्यात."

माझ्या पत्रकातलं एकही वाक्य याच्या जवळपास जात नव्हतं.

बापू भोकापाशी गेले, उपरणं सावरून वाकले, हात जोडले. मग कुणाचं तरी घमेलं उचललं, मुरुमाच्या ढिगाऱ्यातून भरलं आणि ओतलं. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. खाली मोठे दगड, वर लहान दगड, वर मुरूम, वर माती, धुमसानं ठोकून. अंधार पडायच्या आत तिन्ही तोंडं बंद झाली. सभासद, पगारी, पहिल्या दावणीचे, शेवटच्या दावणीचे, सगळ्यांचे हात त्यात होते. सहकार हा शब्द मी पत्रकांतून हजारदा वाचला असेल. त्या संध्याकाळी तो मला पहिल्यांदा मुरुमानं माखलेला दिसला.

ठराव दुसऱ्या दिवशी लिहिला. दादा म्हणाले, "आदी काम. कागूद मागनं."

आमची दावण मात्र शेवटचीच राहिली. ती लढाई दुसरी, आणि ती अजून चालू आहे.

*

मी पुष्कळदा त्या पोत्याचा विचार करते. भोक उघडं होतं तेव्हा सगळे सावध होते. मी दावं धरत होते, मावशी चिंधी बांधत होत्या. झाकण टाकल्यावर आम्ही दोघींनी आपापली गाठ सोडली. भोकाचा धोका आम्हाला दिसत होता. पोत्यानं तो फक्त दिसेनासा केला. पुढे शहरात आल्यावर मला अशी पोती जागोजाग दिसली. नेमलेल्या समित्या, दिलेली आश्वासनं, भिंतीवर रंगवलेल्या घोषणा. आणि खरं सांगायचं तर माझी पत्रकंही. लाल शाईनं लिहून फाटकावर लावलं, की मला वाटायचं माझं काम झालं. बोटभर माती पसरून मी निवांत झोपायचे.

सुतळी त्यानंतर बरीच वर्षं जगली. तुटक्या दातानं उंदीर धरायची, पण कुठल्याही झाकलेल्या वस्तूवर पाय ठेवायची नाही. ओट्यावर नुसता टॉवेल वाळत पडला असला तरी वळसा घालून जायची. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं तेव्हा मी सुट्टीत घरी आले की दावं अगदी आखूड धरून तिला फिरवायचे. ती थांबली की मी थांबायचे. डेअरीच्या मागच्या लिंबाखाली चाचांनी तिला पुरलं. अंगावर काय घालायचं म्हटल्यावर ते म्हणाले, "पोतं नको. माझा जुना सदरा घाला."

बोअरच्या गाड्या बघितल्यानंतर, गेल्या रविवारी मी गावी गेले. संध्याकाळी भुईला हात लावून बघितला आणि त्याच वाटेनं एकटीच चालत निघाले. हाताला सवयीनं काहीतरी ओढ लागत होती. माळाच्या अलीकडे, माझ्याच वर्गात असलेल्या संदिपानच्या रानात, ताजा पांढरा धुरळा पसरलेला. मधे खताची प्लॅस्टिकची गोणी. चार कोपऱ्यांवर चार दगड. बाजूला शेळी बांधलेली आणि शेळीच्या मागे लागलेलं त्याचं लहान पोरगं.

मी गोणी ओढून काढली.

"आगं, कावून काढतीस?" संदिपान धावत आला. "लेकरू पडंल की!"

"म्हणूनच काढते. आता तुला दिसतंय ना?"

तो भोकाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बुजवू न्हाई वाटत गं. पुढल्या साली पाणी आलं तर?"

बापूंचंच वाक्य. मी या वेळी व्यवस्था, मालकशाही काही काढलं नाही. म्हटलं, केसिंग आत असेल तर लोखंडी टोपण वेल्डिंग करून घे. पाण्याची आशा वाटेल तेव्हा कापून उघडता येतं. केसिंग काढलं असेल तर बुजव. मग त्याला सुतळीची गोष्ट सांगितली. त्यानं पोराला कडेवर घेतलं. पोरगं किती दातांचं होतं ते मी विचारलं नाही, त्यानं स्वतःच त्याच्या तोंडात बघितलं. मग तो फावडं आणायला गेला.

हे लिखाण दादांनी वाचलं तर ते आधी शेवटची ओळ बघतील. म्हणून काम लिहिते.

उद्या सकाळी ऊन चढायच्या आत आपल्या शिवारातून एक फेरी मारा. कुत्रं असेल तर दाव्याला धरून न्या, ते तुमच्या आधी भोक शोधेल. ज्याचं रान आहे त्याला बरोबर घ्या, त्याच्या आशेला नावं ठेवू नका. पाइप असेल तर लोखंडी टोपण बसवून घ्या. नसेल तर आधी मोठे दगड, मग लहान, मग मुरूम, मग माती, भुईपेक्षा वीतभर उंच. आणि आठ दिवसांनी परत जाऊन बघा, कारण भर खचते. चार माणसं लागतील, तेवढी तुमच्या गल्लीत आहेत.

फावडं घ्या, घमेलं घ्या, प्यायला पाणी घ्या. पोतं मात्र घेऊ नका.